इंजिनखोलीतलं नाव

कुंडलमध्ये सगळे त्यांना 'नेव्ही आबा' म्हणत. उसाच्या गावातला हा माणूस पंधरा वर्षं एका युद्धनौकेच्या इंजिनखोलीत राबला होता. त्या बोटीला एका मोठ्या राष्ट्रीय पुढाऱ्याचं नाव होतं आणि आबांच्या तोंडी ते नाव बाईमाणसाचं व्हायचं. मी शिकवतो त्या शाळेत पुढाऱ्याच्या जयंतीला ते भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "लय गुणाची हुती. पर एकदा तापली, की कुणाचं ऐकायची न्हाई." पोरं भिंतीवरच्या फोटोकडं बघून खदखदली. आबांना कळेचना, हसताहेत कशाला.

ते स्वतः कमीच हसायचे. बोटीवर पाटणचा सदाशिव त्यांचा जोडीदार होता. वाफेचा नळ फुटला तेव्हा आबा जेवायला वर गेले होते, सदाशिव खाली होता. तो गेल्यावर आबांनी इंजिनखोलीच्या पत्र्यावर छिन्नीनं त्याचं नाव कोरलं. पाटणला जाऊन त्याच्या बायकोला सांगितलं, "वैनी, बोट हाय तवर नाव हाय."

गेल्या वर्षी एका जुन्या सोबत्याचा फोन आला. बोट मोडीत काढली होती. आबा तडक माझ्याकडं आले. "मास्तर, अर्ज लिवा. हातभर पत्रा द्या म्हणावं, दुसरं काय नगं." मी तीन अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी आम्ही दोघं रेल्वेनं गुजरातच्या किनाऱ्यावर गेलो, जिथं बोटी तोडतात. फाटकातून आत सोडेनात. कुंपणापलीकडं अर्धी बोट दिसत होती, पुढाऱ्याच्या नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी शिल्लक होती. मुकादमाला मी इंजिनखोलीचं विचारलं.

"वो तो भट्टी में गया," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आबांना त्यानं पाणी दिलं.

परतताना मी समजूत काढली, "आबा, पुढाऱ्याचं नाव नव्या बोटीला परत देतात."

"त्येंचं देतील वो," आबा म्हणाले. "आमच्या सदाचं कोण देनार?"

कराडला उतरून आम्ही थेट पाटण गाठलं. वहिनींना खरं सांगायचं, असं गाडीतच ठरलं होतं. वहिनी आता थकल्यात, नीट दिसत नाही. त्यांनी आबांचा हात चाचपून धरला.

"भावजी, बोट बरी हाय न्हवं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"हाय की, वैनी. परवाच बघून आलो."

दिवाळीनंतर आबा गेले. बोटीची खुशाली विचारायला वहिनींचा फोन आता मला येतो.