लेखी परवानगी

मांजरीतल्या आमच्या पशुखाद्याच्या गिरणीत कॅमेरे बसवायला आलेल्या त्या माणसाचे नाव मी विचारले नाही, हा माझाच अपराध. पन्नाशीचा गृहस्थ, भुवयांवर भुशाची धूळ. त्याने आधी गिरणी चालू करायला लावली आणि कोपऱ्या-कोपऱ्यांत काळ्या फडक्याचे तुकडे टांगले. तासाभराने जो तुकडा सर्वांत कमी पांढरा झाला, तेथेच त्याने भिंतीला भोक पाडले. इतके चोख काम तीस वर्षे पत्रे लिहूनही मला कोणत्याही सरकारी खात्यात आढळले नव्हते.

दुसरा कॅमेरा मात्र मला शेजाऱ्याच्या अंगणावर हवा होता. कुंपण सरकवल्याबद्दल त्याला मी सात नोटिसा धाडल्या होत्या. आता पुरावा हवा होता. कारागिराने कॅमेरा तिकडे वळवला आणि शिडीवरूनच मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर शेजाऱ्याच्या सुना नळावर कपडे धूत होत्या.

"अहो, भिंत माझी, कॅमेरा माझा!" मी कडाडलो. "तुमच्या मालकांना पत्र लिहीन."

"लिवा की काका. पन आधी त्या बायांची लेखी परवानगी आना. कायदा तुमालाच जास्त ठाव हाय."

आणि त्याने कॅमेरा आमच्याच दाराकडे फिरवला.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिले : "आपल्या माणसाने माझा आदेश धुडकावला. त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. असा कारागीर माझ्या गिरणीत काम करून गेला, याचा मला अभिमान वाटतो. त्याचा यथोचित सत्कार व्हावा. अन्यथा पुन्हा लिहीन."