आज जेवलो नाही, प्यायलो

काटेसाहेबांची आणि माझी पहिली भेट आमच्या इमारतीच्या जिन्यात झाली आणि ती बराच वेळ चालली, कारण दोघांपैकी कोणालाच पुढे जाता येईना. मी पिशवी घेऊन वर चढत होतो. अचानक अंधारून आलं. आधी वाटलं वीज गेली, मग वाटलं ग्रहण लागलं. तेवढ्यात ग्रहणानेच खोकून विचारलं, "तुम्ही मागे जाता की मी वळून बघू?" ते वळले असते तर इमारतीचा कठडा गेला असता. मी दोन मजले उलटा उतरलो आणि बंदरातून जहाज निघावं तसे ते संथपणे रस्त्याला लागले. "आभारी आहे," ते म्हणाले. "तुमच्या समोरच राहतो. एकटाच असतो. या कधी." आत आणखी एका माणसाला जागा असेल का, अशी मला शंका आली.

'काटे' हे त्यांचं आडनाव नव्हे. शहराबाहेर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा आहे, तिथल्या काचेच्या खोलीत ते बसत. ट्रक काट्यावर उभा राही, ते आकडा छापत, वरून एक हात खाली येई, चिठ्ठी घेई आणि जाई. "दिवसभर नुसते हात भेटतात," ते सांगत. "तोंडं फारशी नाहीत."

तोंड घरीही नव्हतं. बायको मुलीच्या बाळंतपणाला दूरच्या शहरात गेली होती. 'बाळाने मान धरली की येते,' म्हणाली होती. बाळाने मान धरली, ते रांगलं, चाललं, त्याला दात आले, आता तर शाळेत जाऊन ते इतरांना चावतही होतं. बाई तिकडेच होत्या. भांडण नव्हतं, काही नव्हतं. रोज संध्याकाळी फोन येई. "अहो, जेवलात का?" "जेवलो." "बरं, ठेवते." संसार एवढाच उरला होता.

एकदा व्हिडिओवर नातवाने विचारलं, "आजी, आजोबा पडद्यात पूर्ण का मावत नाहीत?" तिकडे सगळे पोट धरून हसले. इकडे काटेसाहेबांनीही पोट धरलं, पण विचारात पडून. दुसऱ्या दिवशी ते पावडरीचा डबा घेऊन आले. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाऐवजी पाण्यात कालवून एकेक ग्लास प्यायचा. डब्यावरचा तरुण इतका सडपातळ होता की त्याला कोणीतरी जेवायला घालावं असं वाटे.

"तिला सांगू नका हं," मला बजावलं. "बारीक झालो की एकदम दाखवीन. मग बघायला तरी येईल."

पावडरीचा त्यांना आणखी एक फायदा सापडला होता. "जेवायला ताट घ्या, बसा, समोरची खुर्ची बघा. हे कसं, ओट्याशी उभ्याउभ्या संपतं." त्या समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचलेले असत.

प्रगती मोजायची त्यांची रीत मात्र जगावेगळी होती. शेवटचा ट्रक गेला की ते स्वतः काट्यावर जाऊन मधोमध उभे राहत आणि मान वळवून आकडा बघत. आता ट्रकचा काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानेच बोलतो, मधलं काही सांगतच नाही. कित्येक आठवडे आकडा हलेना.

"अहो, घरात ठेवायचा छोटा काटा मिळतो," मी म्हटलं.

"ज्याच्या शब्दावर आयुष्यभर ट्रक सोडले, त्याच्यावर आता अविश्वास दाखवू?"

आणि एका संध्याकाळी माझं दार वाजलं. "उतरले! एका दिवसात दहा किलो!" एका दिवसात नव्हे, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मला ओढत घरी नेलं. तेवढ्यात फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला. आनंदाच्या भरात गुपित सांडलं.

"अहो, जेवलात का?"

"छे! जेवण सोडलं. आज जेवलो नाही, प्यायलो!"

"काय म्हणालात?"

"रोज पितो आता. सकाळी एक ग्लास, रात्री एक. फार भूक लागली तर दुपारीही."

"सकाळी? कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर कसला? एकटाच. उभ्याउभ्या."

"कधीपासून हो?"

"झाले दोन-तीन महिने. काय हलकं वाटतं म्हणून सांगू!"

त्या दिवशी बाई खूप वेळ बोलल्या. ऑफिसात काही झालं का, झोप लागते का, आपलं काही चुकलं का. फोन ठेवला तेव्हा काटेसाहेबांचा चेहरा उजळला होता. "बघितलंत? पावडरीचं किती कौतुक!"

"अहो, त्यांना वाटलं तुम्ही दारू पिता!"

त्यांचा चेहरा उतरला. घाईघाईने ते नंबर लावू लागले, तोच फोन पुन्हा वाजला. मुलगी होती. "बाबा, काही बोलू नका. आई रविवारी तिकडे येतेय. मामाला आधी पाठवतोय."

काटेसाहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"आल्यावर सांगेन की," ते हळूच म्हणाले. "अशा गोष्टी समोरासमोर बोललेल्या बऱ्या."

पुढचे दिवस ते घर झाडत होते. समोरच्या खुर्चीवरचे कपडे उचलले. बायकोच्या घरात वापरायच्या चपला माळ्यावरून काढून, धुऊन दाराशी ठेवल्या. रोजच्या फोनवर "काय केलंत आज?" या प्रश्नाला ते अगदी खरं उत्तर देत, "प्यायलो."

शनिवारी मेहुणा आला आणि बॅगही खाली न ठेवता म्हणाला, "भाऊजी, जरा तोंडाने हा करा."

काटेसाहेबांनी हा केला. मेहुणा गोंधळला. "चॉकलेटचा वास येतोय!" त्याने कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं, शेवटी ओट्यावरचा डबा वाचला आणि लगेच बहिणीला फोन लावला.

"ताई, दारूबिरू काही नाही. पावडर आहे."

"पावडर?" बाई एवढ्या किंचाळल्या की दारात उभ्या मलाही ऐकू आलं. "देवा! कसली पावडर घेतात?"

"बारीक व्हायची गं. दूध-चॉकलेटची."

बाई हसू लागल्या. मोकळं, छान हसणं होतं. काटेसाहेबही हसले. हसता हसता ते फोनकडे हात करून थांबले होते, पण फोन त्यांच्याकडे आलाच नाही.

"अरे, जीव भांड्यात पडला," बाई तशाच मोठ्याने म्हणत होत्या. "मग मी तिकीट रद्द करते. नातवाची परीक्षा जवळ आलीय. त्यांना म्हणावं, नीट जेवत जा."

मेहुणा संध्याकाळच्या गाडीने परत गेला. काटेसाहेबांनी उरलेला डबा मला देऊन टाकला.

दहा किलो गेले होते, ते चार महिन्यांत परत आले.