बत्तीवाली आत्या

आत्या गाडीत बसण्याआधी गाडीच्या मागे जायची. चावी लावून दिव्यांचं बटण ओढायची, मग दार उघडं टाकून पदर खोचत डिकीपाशी जायची आणि दोन्ही तांबड्या दिव्यांवर तळहात धरून बघायची. भर दुपार असली तरी. सोबत कोणी असलं तर त्याला मागे उभं करायची आणि स्वतः ब्रेक दाबून विचारायची, "दोन्ही सारखे दिसते का? डावा मंद तर नाई?" उत्तर मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे. पाहुणे हसायचे. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात तिला 'बत्तीवाली बाई' म्हणत. मी तिची भाची, म्हणून माझ्यापुरती ती बत्तीवाली आत्या.

ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. तिचे यजमान, आमचे फुवा, जिनिंगच्या कारखान्यात कापसाची प्रत ठरवायचे. एका संध्याकाळी अकोल्याहून परतताना रस्त्यात उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॉलीवर त्यांची मोटार मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा होता, ना उजेडात चमकणारा काचेचा तुकडा. फुवा जागीच गेले. दीर-जावांनी गाडी भंगारात द्यायला सांगितली. आत्याने ती दुरुस्त करून घेतली आणि चाळिशी उलटल्यावर चालवायला शिकली. नुसती चालवायला नाही. सुट्टीच्या दिवशी ती बसस्टँडमागच्या इलेक्ट्रिशियनच्या दुकानात स्टूल टाकून बसायची. वायर सोलायला, होल्डरला धरलेला गंज पॉलिश पेपरने घासायला ती तिथेच शिकली. लोक म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने ते ऐकून घेतलं.

"समोरचं आपल्याले दिसते," ती मला म्हणायची. "मागचं आपन दुसऱ्याले दाखवा लागते."

कापसाच्या दिवसांत ती बाजाराबाहेर रांगेतल्या ट्रॉल्यांना सायकलच्या दुकानातून आणलेले तांबडे रिफ्लेक्टर तारेने बांधत फिरायची. ते दिवस वाईट होते. कापसाला भाव नव्हता, बोंडअळीने शेतंच्या शेतं खाल्ली होती, आणि कुठल्या ना कुठल्या गावातून ऐकवणार नाही अशी बातमी येत होती. एका शेतकऱ्याने तिने बांधलेला रिफ्लेक्टर उपटून मातीत फेकला. "कापसाले कोनी विचारून नाई राहिलं, अन् तुमी बत्त्या लावून राहिल्या," तो म्हणाला. आत्याने रिफ्लेक्टर उचलला, पदराने पुसला आणि पुढच्या ट्रॉलीला बांधला. परतताना तिने एवढंच म्हटलं, "त्याचा राग माह्यावर नाई."

मी तेव्हा तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात नोकरीला लागले होते आणि तिच्याकडेच राहत होते. दसरा नुकताच झाला होता. कापसाचा पहिला वेचा घरात येत होता आणि उरलेली बोंडं अळीपासून वाचवायला लोक वेड्यासारखी फवारणी करत होते. एक औषध चालेना म्हणून दोन-दोन एकत्र मिसळत. शेजारचा सलीम त्यांतलाच. आत्याच्या हाताखाली त्याची बहीण शिकली होती, तेव्हापासून त्याच्या घरात आत्याला आत्याबाईच म्हणत.

त्या दिवशी ऊन उतरताना सलीमची बायको रजिया पळत आली. "आत्याबाई, गाडी काढा. यांच्या तोंडाले फेस येऊन राहिला."

पंप पाठीवर गळत होता, शर्ट औषधाने भिजला होता, तरी सलीम ओळ पुरी करायची म्हणून फवारत राहिला होता आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन कोसळला होता. आत्याने आधी त्याचा शर्ट फाडून काढला, साबण लावून विहिरीच्या पाण्याने त्याला धुतला, मगच गाडीत घातला. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाडी धरली आणि म्हणाले, "इथे जमणार नाही. अमरावती. थांबू नका."

निघताना आत्या गाडीच्या मागे गेलीच. मला तिचा राग आला. माणूस तडफडत होता आणि ही दिवे बघत होती. दिवे लागत होते. ती स्टिअरिंगपाशी बसली आणि आम्ही निघालो. मागच्या सीटवर सलीमचं डोकं रजियाच्या मांडीवर होतं. त्याच्या छातीतून खरखर येत होती आणि हातापायांचे स्नायू आपोआप उडत होते. मी पुढे बसून मागे वळून त्याच्याकडे बघत होते.

अर्धा रस्ता झाला असेल. सूर्य गेला होता, पण आभाळात अजून तांबूस उजेड होता. रस्ता मात्र दोन्हीकडच्या बाभळींमुळे काळा पडायला लागला होता. दिवे लावून जरा वेळ झाला तोच स्पीडच्या मीटरमागचा बारका दिवा विझला. मला त्यात काही वाटलं नसतं. आत्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"मागच्या बत्त्या गेल्या."

"कशावरून?"

"मीटरचा अन् मागचा फ्यूज एकच हाये."

तिने गाडी रस्त्याखाली घेतली. मी उतरून मागे गेले. समोरचे दिवे झगझगीत होते आणि मागे ठार अंधार. ब्रेक दाबला तर ब्रेकचे लागत होते, अंधारात सतत चालू राहणारे मात्र नाहीत. आत्याने फ्यूज काढून उजेडात धरला. तार जळून गेली होती. तिने नवा बसवला. बारीक ठिणगी उडाली आणि तोही गेला.

"शॉर्ट हाये," ती म्हणाली. "कुठंतरी वायर घासून पत्र्याले लागली."

"शोधू या का?"

तिने मागच्या सीटकडे पाहिलं. सलीमच्या श्वासातलं अंतर वाढलं होतं. रजिया त्याच्या गालावर हलकेच चापट्या मारत होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. जणू आमच्याकडे पाहिलं तर आम्ही काहीतरी वाईट सांगू. एक ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली.

"शोधाले सीट काढा लागीन. तेवढा टाइम नाई," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, "मग उजवीकडचा इंडिकेटर चालू ठेव. काहीतरी तर दिसेल."

"नाई. मागच्याले वाटीन का आपन वळून राहिलो. तो डाव्या अंगानं घुसला तर?"

ती क्षणभर बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. फुवांच्या मरणाबद्दल ती कधी बोलत नसे आणि तेव्हाही बोलली नाही. मग बॉनेट उघडून ती आत वाकली. ब्रेक दाबला की दिवा लावणारा स्विच असतो, त्याच्या दोन्ही वायरी तिने उपटल्या आणि एकमेकींना पीळ देऊन टेपने गुंडाळल्या.

"मागं जाऊन पाह्य, बत्त्या लागल्या का?"

दोन्ही ब्रेकचे दिवे लागून राहिले होते, लालभडक. मला हायसं वाटलं. तिला वाटलं नाही.

"आता मी ब्रेक मारला तरी मागच्याले कळनार नाई. बत्ती आधीच लागली हाये," ती म्हणाली आणि रजियाकडे वळली. "रजिया, तुही ओढनी सोड. मी 'हलव' म्हटलं का खिडकीतून बाहेर काढून हलवाची. निशा, तू सलीमले धर."

मी मागे गेले. रजियाने पांढरी ओढणी हाताला गुंडाळली. त्यानंतर आत्या अशी चालवत होती की ब्रेक लागूच नये. लांबूनच वेग कमी करायची. सलीमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, घामाने आणि लाळेने माझी साडी भिजली होती, आणि त्याचा श्वास थांबला की माझाही थांबायचा. मागे एक ट्रक लागला. त्याच्या उजेडात रजियाचा चेहरा मला दिसला. तिचे ओठ हलत होते.

वलगाव यायच्या आधी एक वळण आहे. तिथे आत्याने अचानक म्हटलं, "हलव."

मला समोर काहीच दिसलं नाही. मग दिसला तो नुसता एक पांढरट ढीग, रस्त्याच्या मधोमध. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली. दिवा नाही. आत्याने ब्रेक दाबला. रजिया कमरेपर्यंत खिडकीबाहेर गेली आणि ओढणी हलवत ओरडू लागली. ट्रकचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. चाकं किंचाळली. मी सलीमच्या अंगावर वाकले आणि डोळे मिटून घेतले.

काही आदळलं नाही. डोळे उघडले तर आमची गाडी ट्रॉलीच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर तिरकी उभी होती आणि ट्रकचं नाक आमच्या डिकीच्या अगदी मागे. ड्रायव्हर उतरून आला. "बाई, ब्रेक की बत्ती तो पहले से जल रही है. आदमी समझे कैसे?" तो संतापाने ओरडला. आत्याने मागच्या खिडकीकडे बोट केलं. त्याने आत डोकावलं. रजियाकडे पाहिलं, सलीमकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "चलो. मैं पीछे रहता हूँ."

तो खरंच मागे राहिला. पेढी नदीच्या पुलावरून, वलगावातून, अमरावतीच्या पहिल्या दिव्यांपर्यंत तो अंतर राखून, आपले दिवे लावून आमच्या मागे चालत होता. आमच्या आणि त्याच्यामध्ये कोणाला शिरू दिलं नाही. शहरात शिरल्यावर हॉर्न वाजवून वळला. त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही.

सलीमला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत सांगता येत नाही.

सकाळी मी दवाखान्याच्या आवारात गेले तर आत्याने मागची सीट काढून लिंबाखाली ठेवली होती. मला म्हणाली, "ये. हा बल्ब धर." फ्यूजच्या जागी तिने दोन वायरींनी एक बल्ब जोडला होता. शॉर्ट आहे तोवर बल्ब पेटलेला राहणार, शॉर्ट सुटला की विझणार. मागच्या दिव्यांचे बल्ब तिने काढून ठेवले होते, तरी हा जळतच होता. म्हणजे दोष होल्डरमध्ये नव्हता, वाटेत कुठेतरी होता. ती डिकीत अर्धी शिरून वायर बोटाबोटाने हलवत होती आणि मी बल्बकडे बघत होते.

"हाये?"

"आहे."

"आता?"

"आहे."

आम्हा दोघींनाही सलीम होता त्या वरच्या मजल्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून आम्ही वायरीकडे बघत होतो. सीटमागून डिकीत वायर जाते तिथे पत्र्याला भोक असतं. त्या भोकातलं रबर झिजून पडलं होतं आणि पत्र्याच्या धारेने वायर कापली होती. तिने ती जरा उचलली.

"गेला," मी म्हटलं.

मी काय म्हणाले ते ऐकून ती डिकीतून एकदम बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता. मी घाईघाईने म्हटलं, "बल्ब. बल्ब गेला, आत्या." ती तिथेच डिकीच्या काठावर बसली. जरा वेळाने पुन्हा आत वाकली, वायरीला टेप गुंडाळली, भोकात सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला, नवा फ्यूज घातला. दिवे लागले. ती हात पुसत होती तेव्हा रजिया जिन्यावरून खाली आली. लांबूनच तिने मान हलवली. सलीमने डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं.

सलीम वाचला, पण त्याच्या हातांतला कंप फार काळ गेला नाही आणि औषधाच्या वासानेही त्याला ओकारी यायची. शेत भावाने करायला घेतलं. कंप ओसरल्यावर आत्याने त्याला गाडी शिकवली. गावातला कोणी आजारी पडला की आत्या आणि सलीम दोघं जायचे. रजिया म्हणायची, "हे गाडी चालवून राहिले का मले गाडीत बिनघोर झोप लागते."

पुढे मी लग्न होऊन अकोल्याला, जठारपेठेत आले. आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. एका संध्याकाळी समोरून येणारी बैलगाडी तिला दिसली नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून कळली. घरी येऊन तिने चावी सलीमच्या हातात दिली. "आता तूच चालव. मले विचारत बसू नको," एवढंच बोलली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

शेवटच्या आजारात मी तिला माझ्याकडे आणायचं ठरवलं. अमरावतीच्या दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर सलीमच गाडी घेऊन आला. ती हट्टाने पुढे बसली, मी मागे. निघाल्यावर थोडा वेळ ती ताठ होती, काही दिसत नसूनही समोर बघत. मग तिची मान हळूहळू बाजूला कलली. मला वाटलं घेरी आली, मी पुढे झुकले. सलीमने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. ती झोपली होती. फुवा गेल्यापासून चालत्या गाडीत आत्याला झोपलेली मी कधीच पाहिली नव्हती, हे मला तेव्हा समजलं.

आमच्याकडे आल्यावर ती फार दिवस जगली नाही. पण त्या दुपारी जठारपेठेत घरासमोर गाडी थांबली तेव्हा ती गाढ झोपेत होती. घरचे लोक दारात आले. सलीमने इंजिन बंद केलं, खिडकीतून हात काढून त्यांना थांबायची खूण केली आणि सीटला टेकून बसला. मीही उतरले नाही. तिला जाग येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.