मूळ : पाहिलेलं नाही

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितकाच पगार, आणि सुट्ट्यांत आपण कोण नि कॉलेज कोण. विभागाच्या दारावर प्राध्यापकांच्या नावांची पाटी आहे. ती तीनदा नव्यानं रंगवली गेली, पण पंधरा वर्षांत माझं नाव काही तिच्यावर चढलं नाही. छापलेल्या अक्षरांत माझं नाव एकदाच आलं होतं, माझ्याच लग्नपत्रिकेत, आणि तिथंही ते चुकलं होतं. त्यामुळे मेक्सिकोच्या एका बाईंनी जेव्हा विचारलं, की आमच्या पुस्तकात उदाहरणाखाली तुमचं नाव छापलं तर चालेल का, तेव्हा मी काय म्हटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

या बाई तिकडच्या एका वनस्पती उद्यानात काम करतात. झाडांचे फोटो टाकून नाव विचारायचा एक गट आहे फोनवर, तिथं आमची ओळख झाली. झाडाच्या भागांचं वर्णन करायचे शब्द, इंग्रजी आणि स्पॅनिश शेजारी शेजारी, सोबत चित्रं, असा कोश त्या करत होत्या. प्रत्येक शब्दाला एखाद्या झाडाचं खरंखुरं वर्णन उदाहरण म्हणून हवं होतं. काळ्या मातीतली वीस झाडं माझ्याकडे आली. पण आधी एका झाडाचं वर्णन नमुन्यादाखल पाठवायचं, ते पसंत पडलं तर पुढचं.

सकाळी सात वाजता, त्यांची संध्याकाळ असायची तेव्हा, व्हिडिओ कॉल यायचा. मागे माझा कुकर शिट्ट्या मारत असायचा. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, की तुमच्या मुलखातून आलेलं गाजर गवत आमच्या रेल्वे लायनीपासून देवळापर्यंत पसरलंय, त्याबद्दल तुमच्याशी कधीतरी बोलायचंच होतं. त्या मनापासून हसल्या आणि तिकडच्या सगळ्यांच्या वतीनं माफी मागितली. त्यानंतर आमचं चांगलं जमलं.

शब्दांची तर मौजच होती. पानावर मऊ लव असेल तर इंग्रजीत प्युबेसंट, लोकरीसारखी दाट असेल तर टोमेंटोज, टोचत असेल तर हिस्पिड, आणि काहीच नसेल तर ग्लॅब्रस. अशा गुळगुळीत पानाला स्पॅनिशमध्ये लाम्पीन्यो म्हणतात, आणि ज्याला दाढी फुटत नाही त्या पुरुषालाही तेच म्हणतात. हे मी स्टाफरूममध्ये सांगायला नको होतं. आमचे विभागप्रमुख रोज तुळतुळीत दाढी करून येतात. आठवड्याभरात शिपायापर्यंत सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांना त्याच शब्दानं ओळखू लागले. शब्द त्यांच्या कानावर गेलाय, पण अर्थ अजून कळलेला नाही, त्यांना तो एखादा पुरस्कार वाटतो.

पानाच्या वरच्या बाजूला स्पॅनिशमध्ये आस आणि खालच्या बाजूला एन्व्हेस, इतके सुटसुटीत शब्द. इंग्रजीत अ‍ॅडॅक्सिअल आणि अ‍ॅबॅक्सिअल, त्यातला वरचा कोणता आणि खालचा कोणता हे मला दरवर्षी पहिल्या तासाआधी वहीत बघावं लागतं. मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे पानाला सरळ पाठ आणि पोट असतं, आणि चुना कुठल्या बाजूला लावायचा असं पानवाल्याला विचारलं तर तो आपल्याला दुकानापुढून हाकलेल. त्यांनी ते लिहून घेतलं.

नमुन्यासाठी मी बांडगूळ निवडलं. कॉलेजात सायकल स्टँडच्या मागे एक आंबा आहे, त्याच्या वरच्या फांदीवर ते माजलंय. दुसऱ्याच्या झाडावर बसून, त्याचंच पाणी पिऊन, वर शेंदरी फुलं मिरवणारी ही वनस्पती मला पहिल्यापासून आवडते. आमच्या प्रयोगशाळेच्या परिचरानं आकडीनं एक फांदी ओढून तोडून दिली. मी टेबलापाशी बसले, भिंगातून पाकळ्या पाहिल्या, पुंकेसर मोजले, पानाच्या जाडीवर दोन ओळी लिहिल्या आणि झोकात वर्णन पाठवून दिलं.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. वर्णन फार सुरेख आहे म्हणाल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, की पहिल्या ओळीतलं मूळ तुम्ही स्वतः पाहिलंत का.

मी कागद पाहिला. पहिल्या ओळीत माझ्याच हातानं लिहिलं होतं, 'रूट : टॅप, ब्रँच्ड.' म्हणजे सोटमूळ, फाटे फुटलेलं. बांडगुळाला! जे जमिनीला शिवतसुद्धा नाही त्याला!

हे कसं झालं ते वऱ्हाडातल्या कोणत्याही बी.एस्सी. झालेल्या माणसाला विचारा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एक डहाळी समोर ठेवतात आणि तिचं वर्णन करायला सांगतात, दहा मार्कांना. वर्णनाचा क्रम ठरलेला, आधी मूळ, मग खोड, मग पान, मग फूल. डहाळीला मूळ नसतं, हे आंधळ्यालाही कळेल. तरी आम्ही सगळे बिनदिक्कत लिहितो, 'रूट : टॅप, ब्रँच्ड.' अकोल्याला आमच्या सरांनी हे आमच्याकडून पाढ्यांसारखं म्हणून घेतलं होतं, आणि मी ते पंधरा वर्षं माझ्या पोरांकडून म्हणून घेतेय. समोर बांडगूळ आहे हे डोक्याला माहीत होतं. हाताला कुणी विचारलंच नव्हतं.

आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण तोंडी परीक्षेत 'नाही' म्हणायचं नसतं, हाही आमचा जुना धडा. मी म्हटलं, हो, पाहिलं ना. बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, बांडगुळाला जमिनीत सोटमूळ असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे, आठवड्याभरात एक फोटो पाठवा. फोन बंद झाल्यावर मी कुकर उघडला तर भात करपला होता.

परिचराला मी सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"मॅडम, कोणतं मूळ पाह्यजे तेवढं सांगा," तो म्हणाला. "सदाफुलीचं देऊ? लय सुबक राह्यते."

परीक्षेत बाहेरचे एक्झामिनर फारच कडक आले, तर तो डहाळीला दुसऱ्याच झाडाचं मूळ हिरव्या दोऱ्यानं बांधून ठेवतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मी त्याला नको म्हटलं नाही. बांडगुळाच्या फांदीला सदाफुलीचं मूळ बांधलं, जोडावर ओली माती थापली, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला. फोटो इतका झकास आला की घटकाभर माझाही त्यावर विश्वास बसला. मग मनात आलं, याच फोटोखाली माझं नाव छापलं जाईल. आयुष्यात एकदा नीट छापून येणार, ते सदाफुलीच्या मुळाखाली. फोटो पाठवला नाही, पुसलाही नाही, आणि रविवारी अकोल्याची एसटी पकडली.

खरं सांगायचं तर मी सरांशी भांडायला निघाले होते. सगळा दोष त्यांचा होता. बस मूर्तिजापूरला पोचेपर्यंत मी माझं भाषण पक्कं केलं होतं.

सर आता ऐंशीच्या पुढे गेलेत. शिकवत होते तेव्हा त्यांनी कधी कुणाला दहात आठच्या वर दिले नाहीत. मला नेहमी सात. मी गेले तेव्हा ते मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. चहा झाला. मी भाषण सुरू केलं, आणि बांडगुळाच्या सोटमुळापर्यंत आले तेव्हा ते इतके हसले की कपातला चहा बशीत आला. मग मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी तो दूर धरून, जवळ धरून पाहिला.

"सदाफुली," ते म्हणाले. "दोरा चांगला लपवला."

मला रागच आला. मी म्हटलं, सर, तुम्हीच शिकवलं ना, डहाळीला मूळ नसताना मूळ लिहायला. मग आता हसता काय?

सर हसायचे थांबले. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुमी चाळीस जण होते वर्गात," ते म्हणाले. "मूळ दाखवाचं म्हटलं तं दरसाली चाळीस झाडं उपटा लागली असती. म्हणून मी फांदीच ठेवो. अन् मूळ नाही लिवलं तं बाहेरचा एक्झामिनर मार्क कापे. म्हणून पाठ करून घेतलं. मले वाटलं, पास झाल्यावर तरी तुमी लोकं पाहसान."

माझं पाठ केलेलं भाषण तिथंच संपलं. पास होऊन मला चोवीस वर्षं झाली होती, आणि मी पाहिलं नव्हतं. बांडगुळाचंच नाही, कितीतरी झाडांचं. मला फार वाईट वाटलं, आणि ते सरांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी विषय बदलल्यासारखा करून विचारलं, की आपल्या शास्त्रात सगळ्यात कामाचा शब्द कोणता. मी दोन-तीन शब्द सांगून पाहिले. ते नाही नाही अशी मान हलवत राहिले.

"नॉट सीन," ते म्हणाले. "मोठेमोठे लोकं लिवतात. फळ पाह्यलं नसन तं लिवतात, फळ पाह्यलं नाही. त्याच्यानं कोनाची इज्जत जात नाही. थे लिही अन् धाड."

घरी येऊन मी फोटो पुसला आणि बाईंना सगळं लिहिलं. पाढा, परीक्षा, डहाळी, मी बोललेलं खोटं, सदाफुली, हिरवा दोरा, काही ठेवलं नाही. वर्णन पुन्हा पाठवलं, पहिल्या ओळीत 'रूट : नॉट सीन'. आणि वाट बघत बसले. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली, की गेलं ते काम, जे नाव दारावरच्या पाटीवर नाही, ते परदेशातल्या पुस्तकात कुठून येणार.

सहाव्या दिवशी बाईंचा निरोप आला. नमुना त्यांनी नापसंत केला होता. वीस झाडं दुसऱ्या कुणाला दिली होती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण खाली आणखी दोन ओळी होत्या. 'पाहिलेलं नाही' हा शब्द कोशात घ्यायचा त्यांच्याकडून राहूनच गेला होता, कारण त्याला कुणी उदाहरण देत नाही. तो आता घेतला आहे, आणि उदाहरण माझं आहे.

सात-आठ महिन्यांनी पुस्तक आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, म्हणजे लाम्पीन्यो. पानं उलटत गेले. इंग्रजीत 'रूट नॉट सीन', शेजारी स्पॅनिशमध्ये 'राईस नो विस्ता'. इतर सगळ्या शब्दांना चित्रं होती, या एकाच शब्दापुढे चौकट कोरी. आणि त्या कोऱ्या चौकटीखाली माझं नाव, एकही अक्षर न चुकता. मी परिचराला दाखवलं. तो कोऱ्या चौकटीकडे बराच वेळ बघून म्हणाला, की सदाफुलीनं भरून निघाली असती.

पुढच्याच रविवारी पुस्तक घेऊन मी अकोल्याला गेले. सरांनी चष्मा पुसला, पान वाचलं, माझं नाव बोट ठेवून सावकाश वाचलं. मग शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्या गुळगुळीत कागदावर, माझ्या नावाशेजारी, गुण लिहिले. दहापैकी नऊ.

नऊ! मला हुंदकाच आला. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, पण आला. तो आवरून मी विचारलं, सर, मग एक कशाचा कापला?

"पाह्यलं नाही, हे खरं लिवलं, त्याचे नऊ," ते म्हणाले. "पण अजूनई पाह्यलं नाही, त्याचा एक कापला."

मी काही बोलायच्या आत ते उठले होते. मागच्या अंगणात त्यांचाही एक आंबा आहे, आणि त्यावरही बांडगूळ आहे. मी तिथं बसून कितीदा चहा प्यायले आणि मान वर केली नव्हती. भिंतीला टेकवलेली लाकडी शिडी त्यांनी खोडाला लावली आणि दोन्ही हातांनी धरली. पदर खोचून मी चढले. शिडी डुगडुगत होती आणि खाली तिला ऐंशी वर्षांचा माणूस धरून होता, तेव्हा आधी कोण पडेल हे सांगता येत नव्हतं.

वर पोचल्यावर मी पानं बाजूला केली. बांडगूळ जिथं फांदीत घुसलं होतं तिथं मुठीएवढी गाठ होती. आणि गाठीपासून जाड, राखाडी दोऱ्या सालीवरून सरपटत दूरवर गेल्या होत्या, आणि जागोजागी पुन्हा फांदीत शिरल्या होत्या. सोटमूळ नव्हतं ते. पण मूळ नाही असंही म्हणता आलं नसतं. मी हात लावून पाहिलं. खरखरीत होतं.

"दिसलं का?" खालून सरांनी विचारलं.

"दिसलं, सर."

"मंग लिही."