परतीचं भाडं

दिवसभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडायचे म्हणजे कानात दुसऱ्यांच्याच गोष्टी साठत जातात. त्या बाहेर बोलायची सोय नाही, नोकरीचा प्रश्न! म्हणून टेलिफोन एक्स्चेंजच्या रिटायरिंग रूममध्ये डबे उघडले की आम्ही ऑपरेटर बायका एकमेकींचे किस्से काढून बसायचो. गिरण्या बंद पडल्या त्या सुमाराला सगळ्यात मोठा साठा एकटीच्या नावावर होता. सुनंदा परब, राहणार घाटकोपर, पहिला मजला.

*

सुनंदाचे घरमालक दळवी तळमजल्यावर राहायचे. त्यांना तिची खोली रिकामी करून हवी होती. ती हलेना, तेव्हा त्यांनी तिच्या नळाचं पाणी खालूनच बंद करून टाकलं. नवऱ्याची गिरणी संपापासून बंद, घर तिच्या एकटीच्या पगारावर. सकाळच्या शिफ्टला निघायच्या आधी ती जिन्यावरून आठ-आठ कळश्या वर न्यायची.

एक दिवस ती जाब विचारायला गेली. दळवी म्हणाले, एवढं असेल तर कोर्टात जा, पण तुमच्या खर्चानं जा.

सुनंदा म्हणाली, "जाते माझ्या खर्चानं. पण परत येईन ती तुमच्या खर्चानं."

हे तिनं आम्हाला डबा खाताना सांगितलं. आम्ही हसलो. ती हसली नाही, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

*

वकिलानं सांगितलेली फी तिच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी निघाली. "मग मीच उभी राहते," म्हणाली. एक्स्चेंजमध्ये तालीम सुरू झाली. मी दळवींचा वकील, आमची शैला जज्ज. मी एकदा बाकावर उभी राहून "खोटं, साफ खोटं" असं ओरडत होते, तेवढ्यात सुपरवायझर मिस डिसोझा दारात. वाट लागली म्हटलं, आता तिघींनाही मेमो.

मिस डिसोझा दोन मिनिटं ऐकत उभ्या राहिल्या. मग सुनंदाला म्हणाल्या, "पाणी कुठल्या तारखेला बंद केला, ते आधी बोल. रडायचा ते नंतर."

मेमो आला नाही. अर्जाची पहिली ओळ मात्र तारखेनंच सुरू झाली.

*

रजेच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात सुनंदानं लिहिलं, पाणी. क्लार्कनं फॉर्म परत पाठवला, कारण स्पष्ट लिहा. तिनं पुढे एक शब्द वाढवला, पाणी नाही. रजा मंजूर झाली, बिनपगारी.

*

कोर्ट वांद्र्याला. चौथ्या तारखेला मी तिच्यासोबत गेले होते. दळवींचे वकील बोलायला उठले ते थांबेचनात. इमारत किती जुनी, पाइप किती गंजलेले, मालक किती सज्जन. सुनंदा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शांत बसली होती. आणि अचानक, एक्स्चेंजच्या बोर्डावर बसल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"

कोर्टात सगळ्यांच्या माना वळल्या. सुनंदानं जीभ चावली. रोज दोनशे ट्रंक कॉलना तीन मिनिटं भरली की तेच विचारायची सवय, तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, आता हिला बाहेर काढणार.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. त्यांनाही कधीतरी गावी कॉल लावायला लागला असणार. वकिलांकडे बघून म्हणाले, "नको. कट करा."

*

निकालाच्या दिवशीही मी होते. नळ आठ दिवसांत सुरू करा, असा हुकूम झाला. मी तिचा हात दाबला, चल म्हटलं, जिंकलीस. ती जागची हलली नाही.

"साहेब, खर्चाचं राहिलं."

दळवींचे वकील हसले. म्हणाले, बाईंना वकीलच नाही, मग खर्च कसला? फी कोणाला दिली?

"वकील नव्हता," सुनंदा म्हणाली. "बिनपगारी रजा होती."

रजेचा पगार काही मिळणार नव्हता, तो नियमात बसत नव्हता. ते साहेबांच्या तोंडून ऐकून तिचा चेहरा पडला, पण तिनं पिशवीतून कागद काढून पुढे केलाच. कोर्टाचे स्टॅम्प, नोटिसीचा खर्च, टायपिंग, झेरॉक्स, आजच्या दिवसासकट सात तारखांचं बसभाडं. मागे तिकिटं टाचलेली, आजच्या परतीचं सोडलं तर एकही कमी नाही.

साहेब कागद वाचता वाचता थांबले. विचारलं, तीन तारखांना परतीचं भाडं अर्धंच का लावलंय?

"त्या दिवशी येताना मार्केटात उतरून भाजी घेतली, साहेब. म्हणजे अर्धी फेरी माझ्या घरच्या कामाची झाली. ती यांच्या अंगावर कशी टाकू?"

मला इतका राग आला तिचा. एवढी मरमर केलीस आणि आता चाळीस-चाळीस पैसे कसले सोडतेस? पण कोर्टात या वेळी कोणी हसलं नाही. वकीलसाहेब आपल्या फाइलीत काहीतरी शोधायला लागले. साहेबांनी एकाही आकड्याला हात लावला नाही, खाली लिहिलं, खर्चासह.

बसस्टॉपवर येईपर्यंत आम्ही दोघीही रडत होतो. त्या दिवशी तिनं भाजी घेतली नाही. परतीचं पूर्ण भाडं दळवींच्या अंगावर पडलं.

*

दळवींनी महिन्याभरात पैसे दिले, सुनंदानं पावती दिली, बोलणं बंदच राहिलं. सहा-सात महिन्यांनी एका रविवारी ते स्वतः जिना चढून वर आले. सुनंदानं बसायला खुर्ची दिली, त्याच नळाचं पाणी दिलं.

पाणी पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं. मग हळूच विषय काढला. इमारतीच्या वाटणीवरून सख्ख्या भावानं त्यांच्यावर केस टाकली होती. वकिलाची फी झेपत नव्हती, म्हणून आता तेही स्वतःच उभे राहणार होते.

"परबबाई, ते तुमचं खर्चाचं बिल होतं ना," दळवी म्हणाले, "तसं मला जरा मांडून द्याल का?"

सोमवारी डबे उघडले तेव्हा सुनंदानं हे सांगितलं. आमचे घास हातातच राहिले. मग तू काय केलंस गं, सगळ्यांनी एकदमच विचारलं.

"काय करणार? वही घेतली, पेन घेतलं, आणि विचारलं, काका, येताना भाजी घेता का?"