बोलोन्याची ट्रायल पिंपळे गुरवात

प्रवास माणसाला मोठं करतो, असं म्हणतात. माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुभवात तो मुख्यतः पावलांना मोठं करतो. विमानात आठ-नऊ तास बसलं की पाय सुजतात. म्हणून साठीपुढच्या प्रवाशांना मी बूट अर्धा नंबर मोठे घ्यायला सांगते. त्या दिवशी पिंपळे गुरवच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत मी हेच सांगत होते, तेवढ्यात अध्यक्ष शेलार साहेब उभे राहिले.

"मॅडम, बुटांचं नंतर. आधी गायकवाड बाईंचं ठरवू. त्यांना न्यायचं की नाही?"

गायकवाड मावशी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. हातात काठी. त्यांनी वर पाहिलं नाही.

माझं ट्रॅव्हल ऑफिस कासारवाडी स्टेशनजवळ आहे. संघाच्या चौदा जणांना इटलीला जायचं होतं, पाच दिवस. शेलार साहेब एका कंपनीच्या परचेस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्या भेटीत दिलेल्या यादीत रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा आणि मिलान होतं. मी म्हटलं, पाच दिवसांत एवढं धरलंत तर इटली दिसणार नाही, बसच्या खिडक्या दिसतील. मग त्यांना सिटी ब्रेक म्हणजे काय ते समजावलं. एक शहर, एक हॉटेल, बॅग एकदाच उघडायची. म्हातारी माणसं चालून जेवढी दमत नाहीत, तेवढी रोज सकाळी बॅग भरून दमतात.

तारखा बायकांनी ठरवल्या. दसरा झाल्यावर निघायचं आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस घरी, कारण फराळ. त्या दिवसांत तिकडे शरद ऋतू असतो. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली, हवा थंड, पाऊस मात्र केव्हाही. म्हणून मी बोलोन्या सुचवलं. त्या शहरात जुन्या वस्तीतले बहुतेक फुटपाथ कमानींनी झाकलेले आहेत. छत्री न उघडता कितीही चाला.

"बोलोन्या?" शेलार साहेब म्हणाले होते. "लोकांना काय सांगायचं? इटलीला गेलो आणि रोम पाहिलं नाही?"

कोणीच ते नाव ऐकलेलं नव्हतं. एकट्या गायकवाड मावशींनी ऐकलं होतं.

"माझ्या मशिनवर होतं," त्या म्हणाल्या होत्या. मावशींनी औषधांच्या कंपनीत चोवीस वर्षं पॅकिंगला काम केलं. गोळ्यांची पाकिटं करणारं मशिन इटलीहून आलेलं. त्याच्या पितळी पट्टीवर गावाचं नाव होतं. "आमचा फिटर म्हणायचा, हे मशिनचं माहेर. मला बघायचंय कसं आहे ते."

बोलोन्या ठरलं ते यामुळेच. आणि आता नावं पक्की करताना ज्या बाईला ते गाव माहीत होतं, तिलाच वगळायचं चाललं होतं.

"बाईंचा गुडघा सगळ्यांना माहीत आहे," शेलार साहेब म्हणाले. "एका माणसामुळे तेरा जणांचं शेड्यूल बिघडणार. मी भावनाशून्य नाही, पण मी अध्यक्ष आहे."

या दोन गोष्टींत विरोध आहे हे त्यांना स्वतःलाच वाटलं असावं. नाहीतर 'पण' आला नसता.

"मी हॉटेलात बसेन," मावशी हळूच म्हणाल्या. "तुम्ही फिरून या."

"हाटेलातच बसायचं तर घरी काय वाईट हाय?" बबनराव बोलून गेले. बबनराव गावातल्या जुन्या घरातले, मनानं फार चांगले. बायकोनं कोपर मारल्यावर म्हणाले, "न्हाई, म्हंजी मी आपलं इचारलं."

मी म्हटलं, "ट्रायल घेऊ."

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात या शब्दापुढे कोणी बोलत नाही. चाकणला नवा पार्ट लाइनवर घ्यायचा तर आधी ट्रायल लॉट निघतो. म्हणजे थोडे नग बनवायचे, बसवायचे, अडतात कुठे ते बघायचं. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला आणि सगळ्या माना एकदम हलल्या. संतवचनालाही एवढा पाठिंबा मिळताना मी पाहिलेला नाही.

तेवढ्यात मागून भोसले म्हणाले, "स्टॉपवॉच माझं आहे."

भोसल्यांची नोकरी टाइम स्टडीची. कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि एका कामाला किती सेकंद लागतात ते लिहायचं. असा माणूस कारखान्यात कोणालाच आवडत नाही. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ते शेजारी येऊन बसले की लोक चहा पटपट पितात.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. माझं ऑफिस हे हॉटेल. नदीपलीकडची पिंपळे गुरवातली बाग हा बोलोन्याचा मुख्य चौक. अंतर दोन किलोमीटर, खऱ्या हॉटेलपासून खऱ्या चौकापर्यंत आहे तेवढंच. भोसल्यांनी चौदा नावांचा तक्ता केला होता. प्रत्येक नावापुढे दोन रकाने: चालणे आणि थांबणे. कोणी थांबलं की बरोबरच्यानं त्यांना फोनवर कळवायचं.

पाच मिनिटांत मावशी सगळ्यांत मागे पडल्या. मी त्यांच्याबरोबर चालत होते.

"ताई, नापास झाले तर सरळ सांगा. गोड बोलू नका."

"अजून निम्मं बाकी आहे, मावशी."

"माझी नणंद म्हणते, या वयात इटली कशाला? म्हटलं, मग कोणत्या वयात जायचं होतं? आधी शिफ्ट होती."

पुलाच्या अलीकडे त्या एका बस स्टॉपवर बसल्या. चार मिनिटं. गुडघा दोन्ही हातांनी चोळला, उठल्या. पुलानंतर एका देवळाच्या कट्ट्यावर बसल्या. पुन्हा चार मिनिटं. बाकी वेळ काठी, पाऊल, काठी, पाऊल. ना वेग वाढला, ना कमी झाला.

वाटेत चहाच्या टपरीवर आमच्या ग्रुपमधले सात जण दिसले. बबनराव ओरडले, "मावशी, या की, कटिंग घ्या!"

"परत येताना," मावशी म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत.

त्यापुढे शेलार साहेब एका माजी नगरसेवकांशी बोलत उभे होते. मागे दोघांनी फ्लेक्स ताणून धरला होता, 'चलो इटली'. फोटो नीट यावा म्हणून सूर्य वर येण्याची वाट बघणं चाललं होतं.

आम्ही बागेत पोहोचलो तेव्हा आमच्याआधी फक्त भोसले आलेले होते. त्यांना वेळ लिहायची होती म्हणून.

बाकीचे हळूहळू जमले. सगळे आल्यावर शेलार साहेबांनी पिशवीतून शाली आणि नारळ काढले. सर्वांत ज्येष्ठ प्रवाशाचा सत्कार, मग आमच्या चौदांतल्या डॉक्टर जोडप्याचा सत्कार, मग माझा, मग बागेच्या माळ्याचा. माळी झाडांना पाणी घालता घालता अर्ध्यातून आला होता आणि नळ चालूच होता. प्रत्येक सत्काराला दोन शब्द. शेलार साहेबांचे दोन शब्द म्हणजे साधारण दहा मिनिटं.

नंतर गवतावर बसून भोसल्यांनी तक्ता वाचला. आवाजात चढउतार नाही.

"गायकवाड बाई. चालणे एक्केचाळीस मिनिटं. थांबणे आठ. एकूण एकोणपन्नास. शेलार साहेब. चालणे एकोणतीस. थांबणे त्रेपन्न. एकूण ब्याऐंशी. यात बागेतला सत्कार धरलेला नाही. तो वेगळा, चव्वेचाळीस."

कोणीतरी खोकलं.

"सत्कार म्हणजे वेळेचा अपव्यय नाही," शेलार साहेब म्हणाले.

"मी अपव्यय म्हटलं नाही. आकडा वाचला."

"तरी त्या सगळ्यांत हळू आहेत, हे मान्य ना?"

"मान्य," भोसले म्हणाले. "साहेब, कारखान्यातली लाइन नेहमी सगळ्यांत हळू स्टेशनच्या, म्हणजे त्या कामाच्या जागेच्या, वेगानंच चालते. ते स्टेशन काढून टाकलं तर माल अर्धवट बाहेर पडतो. आपण बाकीची लाइन त्याच्या हिशोबानं लावतो. बाईंचं टायमिंग पक्कं आहे. त्यावर प्लॅन करता येतो. तुमच्यावर करता येत नाही."

मावशी काठीकडे बघत होत्या. त्यांनी आयुष्यात स्टॉपवॉचवाल्याकडून स्वतःबद्दल चांगलं ऐकलं नसावं.

"तिकडे सत्कार करायचेच नव्हते," शेलार साहेब म्हणाले.

"मंग बॅगंत चौदा शाली कशापायी टाकायला सांगितल्यात?" बबनरावांनी विचारलं. या वेळी बायकोनं कोपर मारलं नाही.

शेलार साहेबांनी घसा साफ केला, उभे राहिले आणि संघाच्या वतीनं गायकवाड बाईंचं नाव सर्वानुमते मंजूर झाल्याचं जाहीर केलं. टाळ्यांना सुरुवातही त्यांनीच केली. मला त्यांचं कौतुक वाटलं. हरलेल्या बाजूनं ठराव मांडायला सराव लागतो.

त्या आठवड्यात मी सगळा प्लॅन मोडून पुन्हा केला. मावशींचा वेग हे मोजमाप. सकाळी एक ठिकाण, दुपारी एक. प्रत्येक रस्त्यावर बसायची जागा कुठे आणि टॉयलेट कुठे, हे नकाशावर लाल आणि निळ्या ठिपक्यांनी टाकलं. या धंद्यात चर्च कोणीही शोधून देतो. टॉयलेट शोधणाऱ्याला प्लॅनर म्हणतात.

ऑक्टोबरात आम्ही चौदाच्या चौदा गेलो, पंधरावी मी. पाचही दिवस कोणी हरवलं नाही, कोणी पडलं नाही, कोणी हॉटेलात मागे बसलं नाही. दोन दिवस पाऊस लागला आणि कोणाचं डोकं भिजलं नाही. यातून मी एवढंच शिकले: सहल सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगानं आखावी. बाकीचे कुठे ना कुठे थांबणारच असतात.

पहिल्या सकाळी बरोबर पन्नासाव्या मिनिटाला आम्ही मुख्य चौकात पोहोचलो. समोर अवाढव्य चर्च. त्याची पुढची भिंत खाली संगमरवरी आणि वर नुसत्या विटांची, शेकडो वर्षं तशीच अर्धवट.

"ठेकेदार पळाला व्हय?" बबनरावांनी विचारलं.

शेलार साहेबांनी हात उंचावून, "मित्रहो, आज आपण एका महान संस्कृतीच्या उंबरठ्यावर उभे आहोत," अशी सुरुवात केली. मी नकाशा काढला. चौकात मी बसायच्या जागांचे तीन लाल ठिपके टाकलेले होते. तिथे एकही बाक नव्हता.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. चर्चच्या पायऱ्यांवर पोरंसोरं, म्हातारे, पाव खाणारे, अर्धं गाव बसलेलं होतं. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिक काढलं, पायरीवर पसरलं, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "बसा ताई, जागा आहे." मग भोसले बसले, बबनराव बसले, डॉक्टर जोडपं बसलं, हळूहळू सगळेच बसले.

शेलार साहेब तेवढे उभे राहिले. त्यांनी पांढरी सफारी घातली होती.