शिक्का मारलेली दुसरी प्रत

माझे वडील पाथरीच्या तहसील कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, तारीख टाकायची आणि आणणाऱ्याकडच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती त्याला परत द्यायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. त्या शिक्क्याच्या प्रतीला पोच म्हणतात. घरी आम्ही त्यावरून त्यांची फार थट्टा करायचो. मी प्रगतिपुस्तक पुढं केलं की ते आधी मुख्याध्यापकांच्या सहीखालची तारीख बघायचे, मार्क मग.

मी परदेशात नर्स आहे. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं अजून नोकरी करायची आहे. मी गेले तेव्हाचा नियम साधा होता. पाच वर्षं नोकरी करा, मग कायम राहण्याचा परवाना मिळेल. तोवर दवाखाना सोडायचा नाही आणि मोजक्या दिवसांपलीकडं देशाबाहेर राहायचं नाही, नाहीतर पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं मी सेलूला घरी आले की पहिल्याच संध्याकाळी बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरात माझ्या परतीच्या तारखेला लाल गोल करत. आई त्या भिंतीकडं बघायचंच टाळायची.

आईचे दोन्ही गुडघे गेलेले. परभणीच्या डॉक्टरांनी ते बदलायला सांगितले होते, पण तिनं हट्ट धरला. "तू तीन महिने घरी राहशील तवाच करीन. दुसऱ्याच्या हातानं मी उठणार न्हाई." तीन महिने राहिले तर माझी मोजणी मोडणार. म्हणून आमच्या घरात ठरून गेलं होतं, आधी माझा परवाना, मग आईचे गुडघे.

चार वर्षं सात महिने झाले होते. मी सुट्टीवर सेलूत असताना बातमी आली की सरकार पाचाची दहा वर्षं करणार, आणि तेही आधीच येऊन राहिलेल्यांनासुद्धा लागू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्यानं येणाऱ्यांना काय लावायचं ते लावा. आम्ही आलो तेव्हा कागदावर पाच लिहिलं होतं, आणि आता पाच महिने उरले असताना सांगता की तो कागद खोटा? आईला सांगितलं तर ती गुडघा चोळत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. अजून चालायलंय की." चालत काही नव्हतं. न्हाणीपर्यंत ती भिंत धरून जायची.

तिकडं आमच्यासारख्यांचा फोनवर एक ग्रुप होता. नर्स, इंजिनियर, डॉक्टर, एक हॉटेलातला आचारी. सगळे पेटले होते. आपापल्या खासदाराच्या वेबसाइटवर प्रत्येकानं तक्रार भरली. चार दिवसांनी मंत्री टीव्हीवर म्हणाले की आधीपासून इथं असलेल्यांच्या फारशा हरकती आलेल्या नाहीत. ग्रुपवर हलकल्लोळ उडाला. पण एकाकडंही आपल्या तक्रारीची प्रत नव्हती.

बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी विचारलं, "पोच घेतली का?"

"बाबा, तिकडं तसं नसतं. बटण दाबलं की जातं."

"जातं कुठं?"

मी खाली बसून एक शेंग सोलायला घेतली.

"कागद गेला म्हंजी पोचला, असं न्हाई माय. लोकं दहा-दहा वर्षं हेलपाटे घालायचे, पोच नसली की आमचे साहेब म्हणायचे, अर्जच आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून व्हिडिओ कॉलवर माझ्याशेजारी बसले आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना जय भीम म्हणाले. ते बोलत गेले, मी भाषांतर करत गेले. प्रत्येकानं एका पानाचं पत्र लिहायचं. पहिल्या ओळीत आपण आलो ती तारीख आणि त्या दिवशीचा नियम. दोन प्रती घेऊन खासदाराच्या कार्यालयात स्वतः जायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. एक इंजिनियर हसला. म्हणाला, इथं असे शिक्के कुणी मारत नाही. बाबांनी विचारलं, "मागितला का?" कुणीच मागितला नव्हता.

मग फोटो यायला लागले. एका कार्यालयात शिक्काच नव्हता, तिथल्या बाईंनी पूर्ण नाव लिहून सही दिली. बाबा दोनशे पानी वहीत प्रत्येकाला नंबर देत. बाहेरून जिनिंगकडं कापसाच्या गाड्या जायच्या आणि आत आमचं कार्यालय चालायचं. "सही हाय, तारीख न्हाई. परत पाठव." एका सर्जनला त्यांनी तारखेसाठी दोनदा माघारी धाडलं. त्या सुट्टीत मला एवढा आनंद दुसऱ्या कशानं झाला नाही.

सुट्टी संपून मी परत गेले, बाबांची वही चालूच राहिली. संसदेच्या समितीनं आमच्यातल्या काहींना बोलावलं. माझ्या वॉर्डातली फिलिपिन्सची सिस्टर आमच्या वतीनं बोलणार होती, मी तिच्या मागच्या खुर्चीवर. अध्यक्षांनी तेच ऐकवलं, हरकती फारशा नाहीत. सिस्टरनं पिशवीतून पोचांचे गठ्ठे काढून टेबलावर ठेवले, वर बाबांनी सेलूहून पाठवलेल्या वहीच्या झेरॉक्स. हे आकडे कुठल्या लिपीतले, असं अध्यक्षांनी विचारलं. ती म्हणाली, "मराठी. आमचं रजिस्टर सेलूला असतं." एक सदस्य पानं चाळत होते, त्यांना त्यात आपल्याच कार्यालयाचा शिक्का सापडला. त्यांनी ते पत्र उभं राहून मोठ्यानं वाचलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले.

काही आठवड्यांनी निर्णय आला. आधी आलेल्यांना जुनाच नियम. वॉर्डात आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या, रडलो, एका पेशंट आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "लेखी आलं का?" मी आदेशाचा फोटो पाठवला. तारीख त्यांनी स्वतः वाचली, मजकूर माझ्याकडून मराठीत ऐकला. मग ते आईला ओरडून म्हणाले, "जिंकली गं पोरगी." इतकं मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

परवाना हातात पडला आणि बिनपगारी रजा काढून मी सेलूला आले. परभणीत आईचे गुडघे बदलले. घरी आणल्यावर मी तिला काखेत हात घालून उठवत होते, तेव्हा बाबा लाल पेन घेऊन कॅलेंडरापाशी उभे राहिले. इतक्या वर्षांची सवय.

"तारीख सांग परतीची."

"तारीख न्हाई, बाबा. आई नीट चालायला लागली की जाईन."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती. एक पाऊल टाकून ती थांबली आणि म्हणाली, "मग मी सावकाशच चालते."